सनदेवाचूनचे हक्क : नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातील वहिवाट व लेखी प्रमाण

१

मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन कागदांच्या आधारे वाढले. सनदा, महजर, वतनपत्रे, निवाडे, ताळेबंद आणि खासगी पत्रे ह्यांच्या शोधातूनच ह्या विद्याशाखेला आकार आला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचे १९२६ मध्ये धुळ्यास निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही त्याच गावी उभे राहिले. त्या धुळ्याच्या वायव्येस, तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या रांगांमध्ये असा एक प्रदेश आहे की जेथील बहुसंख्य लोकांच्या हक्कांना सनद कधीच नव्हती. अक्राणी, अक्कलकुवा व तळोदा हे तालुके आणि दक्षिणेकडील नवापूर मिळून होणारा हा प्रदेश १९०६ पर्यंत खानदेश जिल्ह्यात, पुढे पश्चिम खानदेशात व नंतर धुळे जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी आदिवासी जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत.

ज्या हक्कांना व चालीरीतींना कोणत्याही लेखाचा आधार नाही, त्यांच्यासाठी मराठीत एकच एक पारिभाषिक शब्द रूढ नाही. ‘रूढी’ हा शब्द व्यापक आहे, ‘परंपरा’ हा त्याहून व्यापक. ‘भोगवटा’ जमिनीपुरता मर्यादित आहे. व्यवहारातील ‘वहिवाट’ हा शब्द मात्र ह्या अर्थाच्या अगदी जवळ जातो, कारण त्यात उपभोगाचे सातत्य आणि त्या सातत्यातून उत्पन्न होणारा अधिकार ह्या दोन्ही गोष्टी सामावतात. पायवाटेची वहिवाट, विहिरीच्या पाण्याची वहिवाट, गुरे चारण्याची वहिवाट असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणी दिली हा प्रश्न गौण असतो. ती चालत आली आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

प्रस्तुत निबंधाचा विषय ह्या वहिवाटीचा इतिहास हा होय. लेख नसलेला हक्क म्हणजे पुरावा नसलेला हक्क, हे समीकरण प्राचीन नाही आणि सर्वमान्यही नव्हते. ते विशिष्ट काळी, विशिष्ट कायद्यांनी आणि विशिष्ट प्रयोजनाने प्रस्थापित झाले. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात हे कसे घडले आणि अलीकडच्या काळात ते कितपत पालटले, हे पाहणे उद्बोधक आहे.

२

भारतीय धर्मशास्त्रातील प्रमाणविचारापासून आरंभ करणे इष्ट होईल. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन प्रमाणे सांगितली आहेत. ती तिन्ही उपलब्ध नसतील तेव्हाच दिव्याचा अवलंब करावयाचा. ह्या त्रयीत लेख हे प्रमाण आहे, परंतु ते एकमेव नव्हे. त्याच स्मृतीत आगम म्हणजे स्वामित्वाचे मूळ हे भोगापेक्षा श्रेष्ठ मानले असले, तरी पूर्वजांपासून क्रमाने चालत आलेल्या भोगाचा त्याला स्पष्ट अपवाद केला आहे. तीन पिढ्यांचा अखंड भोग असेल तर मूळ दाखविण्याची अपेक्षा करू नये, अशीच टीकाकारांची एकंदर दिशा दिसते. स्मरणाच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या गोष्टीचा कागद मागणे अन्यायाचे होईल, हे तत्त्व त्यामागे आहे.

मराठेशाहीतील व्यवहार ह्याहून फार निराळा नव्हता. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, शेजारच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार ह्यांच्या साक्षी होत आणि निर्णयाचा महजर तयार होई. आज दप्तरात आढळणारा महजर हा लेख असला तरी त्याच्या पोटात मौखिक साक्षच साठविलेली असते. म्हणजे ज्याला लेखी पुरावा म्हणावयाचे तो पुष्कळदा साक्षीचेच उत्तररूप होय. मैदानी भागातील वतनदारांच्या साक्षी कागदावर उतरल्या, कारण तेथे कुलकर्णी होता, दप्तर होते आणि महसुलाशी निगडित असा हेतू होता. डोंगरातील पाड्यावर ह्यांपैकी काहीच नव्हते. साक्ष तेथेही होती. तिचा महजर मात्र झाला नाही.

३

१८१८ मध्ये पेशवाईचा अंत होऊन खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याच्यासमोर जे प्रश्न उभे राहिले, त्यांत भिल्ल नाईकांच्या हक्कांचा प्रश्न अग्रभागी होता. घाटवाटांची राखण करणारे नाईक प्रवाशांकडून व मालावर ठरावीक दस्तुरी घेत. सपाटीवरील गावांकडून डोंगरी सरदार ‘गिरास’ वसूल करीत. गावोगावचे जागले पिकाच्या वेळी धान्याचा वाटा मागत. ‘गिरास’ हा शब्द संस्कृत ‘ग्रास’ ह्यापासून आला आहे. त्याचा अर्थ घास. गावाच्या उत्पन्नातील हा घास देणारा तो भीतीपोटी देतो, संरक्षणाच्या मोबदल्यात देतो की डोंगरी सरदाराच्या पुरातन वर्चस्वाची पोच म्हणून देतो, ह्याचे उत्तर देणाऱ्या-घेणाऱ्याप्रमाणे बदलत असे. मैदानातील रयतेच्या दृष्टीने जी लूट, ती भिल्ल सरदाराच्या दृष्टीने वडिलोपार्जित हक्काची वसुली होती.

नव्या सत्तेने ह्या हक्कांचा सरसकट इन्कार केला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. लष्करी मोहिमांचा उपाय पुरा पडत नाही असे दिसून आल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याच्या गव्हर्नरपदाच्या काळात, १८२५ मध्ये, भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. त्यांपैकी वायव्येकडील एजन्सीचे ठाणे कुकरमुंडा येथे होते. त्याच वर्षी जेम्स आउट्रम ह्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. नाईकांचे हक्क मान्य करून ते सरकारी खजिन्यातून रोख देण्याची पद्धत ह्या काळात रुळली. तथापि मान्यतेबरोबर रूपांतरही झाले. पूर्वी जो हक्क माणसामाणसांच्या संबंधावर, सामर्थ्यावर व हंगामावर अवलंबून कमीजास्त होई, तो आता नोंदवहीतील ठरावीक आकडा झाला. देणारा गाव बाजूला पडला. घेणारा सरकारचा पेन्शनदार झाला.

शेजारच्या डांगमध्ये हीच गोष्ट अधिक ठळकपणे घडली. १८४२-४३ मध्ये तेथील भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे लिहून घेण्यात आले. अजय स्कारिया ह्यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून असे दिसते, की इंग्रजांनी ज्याला लाकूड तोडण्याच्या अधिकाराचा मोबदला मानले, त्याकडे डांगी सरदार आपल्या परिचित गिरासाच्या चौकटीतून पाहत होते. कागद एक होता, अर्थ दोन होते. आणि पुढे टिकला तो लिहिणाऱ्याचा अर्थ.

मेवासी सरदारांची गोष्ट ह्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. १८७४ च्या अनुसूचित जिल्हा अधिनियमाच्या परिशिष्टात काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचा वळवी आणि चिखलीचा वसावा अशा सहा मेवासी सरदारांच्या गावांचा नामनिर्देश आहे. १९५० च्या अनुसूचित क्षेत्र आदेशातही हीच सहा नावे पुन्हा येतात. पुढे महाराष्ट्र राज्यात १९६१ च्या विनियमाने ह्या मेवासी इस्टेटींवरील मालकी हक्क संपुष्टात आणले गेले. म्हणजे ज्यांच्यापाशी शस्त्रबळ होते आणि ज्यांच्याशी तडजोड करणे राज्यकर्त्यांना भाग होते, त्यांचे सनदेवाचूनचे हक्क कायद्याच्या पुस्तकात पोचले. त्यांच्या गावांत राहून जमीन कसणाऱ्या, मोह वेचणाऱ्या, गुरे चारणाऱ्या सामान्य कुटुंबांचे हक्क त्या पुस्तकात पोचले नाहीत. अलिखित हक्क लिहिला जाणे हे त्याच्या प्राचीनतेवर नव्हे, तर हक्कदाराच्या सामर्थ्यावर अवलंबून राहिले, असा निष्कर्ष ह्यावरून निघतो.

४

ह्याचा अर्थ इंग्रजी अमदानीतील कायदा रूढीविषयी उदासीन होता, असा मात्र नव्हे. उलट, मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या विनियमाने दिवाणी दाव्यात कायदा व विनियम ह्यांच्या खालोखाल देशरूढीला स्थान दिले आणि त्यानंतरच प्रतिवादीच्या धर्मशास्त्राला. त्याच वर्षी आर्थर स्टील ह्याचा दख्खनेतील जातींच्या रूढींचा संग्रह प्रसिद्ध झाला. १८६८ मध्ये मदुरेचा कलेक्टर विरुद्ध मुत्तू रामलिंग सेतुपती ह्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले, की हिंदू विधीमध्ये स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी ग्रंथातील वचनापेक्षा बलवत्तर होय.

पुराव्याच्या कायद्यातही रूढीसाठी दारे उघडी होती. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या तेराव्या कलमाप्रमाणे एखादा हक्क किंवा रूढी वादग्रस्त असेल, तर ती पूर्वी कोणकोणत्या प्रसंगी बजावली गेली, मान्य झाली वा नाकारली गेली, ह्या घटना सुसंगत ठरत. बत्तिसाव्या कलमान्वये मृत व्यक्तीने वाद उद्भवण्यापूर्वी सार्वजनिक हक्काविषयी व्यक्त केलेले मत ग्राह्य होई. अठ्ठेचाळिसाव्या कलमाने माहितगारांचे मत विचारात घेण्याची मुभा दिली होती, आणि त्याचे उदाहरण म्हणून एखाद्या गावच्या लोकांचा विशिष्ट विहिरीच्या पाण्यावरील हक्क दिला होता. हा अधिनियम २०२४ च्या जुलैपर्यंत अमलात होता. त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ह्या तरतुदींचा आशय कायम आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात, जो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला, रूढिजन्य सुविधाधिकारांना स्वतंत्र कलम आहे आणि गावच्या कुरणात गुरे चारण्याचा हक्क हे तेथील उदाहरण आहे.

असे असता डोंगरपट्ट्यातील वहिवाट निराधार का ठरली? ह्याचे उत्तर दिवाणी कायद्यात नसून जंगलाच्या कायद्यात आहे.

५

१८६५ चा पहिला वन अधिनियम अपुरा वाटू लागल्यावर नव्या कायद्याच्या स्वरूपाविषयी सरकारी वर्तुळात मोठा वाद झाला. बी. एच. बेडन-पॉवेल ह्याचे म्हणणे असे, की राज्याने स्पष्टपणे दिलेले अधिकार तेवढे हक्क. बाकीचा सर्व उपभोग राज्याच्या मेहेरबानीने चाललेली सवलत होय, आणि ती केव्हाही काढून घेता येते. मद्रासच्या अधिकाऱ्यांनी ह्याला विरोध केला. जंगलावर गावकऱ्यांचा अनादी काळापासून उपभोग चालू आहे आणि तोच त्यांच्या हक्काचा पुरावा आहे, अशी त्यांची भूमिका होती. डीट्रिख ब्रँडिस ह्याने ह्या दोन टोकांमधील मार्ग सुचविला. १८७८ चा अधिनियम मुख्यतः बेडन-पॉवेलच्या दृष्टीला अनुसरून झाला. लिखित, भुक्ती व साक्षी ह्या त्रयीतून भुक्ती वगळण्याचा हा क्षण होय.

ह्या कायद्याची कार्यपद्धती १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कायम राहिली. राखीव जंगलाचा उद्देश जाहीर झाल्यावर जमाबंदी अधिकारी उद्घोषणा काढी आणि किमान तीन महिन्यांची मुदत देई. त्या मुदतीत हक्क सांगणाऱ्याने लेखी निवेदन द्यावयाचे किंवा समक्ष येऊन सांगावयाचे. म्हणजे तोंडी निवेदनाला वरकरणी वाव होता. परंतु नवव्या कलमाप्रमाणे ज्या हक्काविषयी दावा आला नाही व चौकशीतूनही जो कळला नाही, तो नष्ट होई. दहाव्या कलमात फिरत्या शेतीचा उपभोग ही नियंत्रणास व रद्दीकरणास पात्र अशी सवलत मानली आहे. तेविसाव्या कलमाने तर पुढील दारही बंद केले: राखीव जंगलात वारसा किंवा लेखी देणगी अथवा करार ह्यांखेरीज कोणताही नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही.

ही तीन कलमे एकत्र वाचली म्हणजे परिणामाची कल्पना येते. ज्या समाजात वाचन-लेखन नव्हते, ज्याचे पाडे कचेरीपासून दिवसदिवसाच्या चालीवर होते, त्याच्या मौनाचा अर्थ हक्काचा त्याग असा झाला. गवत, सरपण, मोहाची फुले, डिंक, चारोळी आणि उतारावरील शेत ह्यांचा उपभोग थांबला नाही, कारण त्याखेरीज जगणे शक्य नव्हते. फक्त त्याचे नाव बदलले. कालची वहिवाट आज वनगुन्हा ठरली. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने वनजमिनीवरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले, तेव्हा अनेक आदिवासींपाशी आपल्या कसवणुकीचा एकच लेखी पुरावा होता: वनखात्याने केलेल्या दंडाची पावती. अपराधाचा कागद हक्काचा कागद म्हणून उपयोगी पडावा, ह्यात त्या व्यवस्थेचा अंतर्विरोध उघड होतो. ज्यांच्यापाशी पावतीही नव्हती, कारण दंड रोख घेऊन पावती दिली गेली नव्हती किंवा झोपडीच्या छपरात ती नष्ट झाली होती, त्यांचा दावा त्याहून दुबळा ठरला.

सपाटीवर ह्याची उलट बाजू दिसते. शहादे व तळोदे तालुक्यांत आदिवासींच्या जमिनी गेल्या त्या पुष्कळदा कागदामुळेच. न वाचलेल्या दस्तावर उठविलेला अंगठा साक्षीहून प्रबळ ठरला. अंबरसिंग महाराजांच्या आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीमागे हीच वेदना होती. अनुसूचित जमातींच्या जमिनी परत करण्याविषयीचे महाराष्ट्राचे १९७४ चे कायदे त्याच काळात झाले. डोंगरात कागद नाही म्हणून जमीन नाकारली गेली आणि मैदानात कागद आहे म्हणून ती गेली. दोन्ही ठिकाणी कागद दुसऱ्याच्या हाती होता.

६

सरदार सरोवराच्या प्रकरणात हा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. ह्या धरणाखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहेतीस गावे बाधित होणार होती. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन बुडेल, त्याला किमान दोन हेक्टर सिंचनक्षम जमीन देण्याचे बंधन घातले. तरतूद उदार होती, परंतु तिचा लाभ नोंदीवरील खातेदाराला होता. सातपुड्यात जी कुटुंबे वनखात्याच्या हद्दीतील जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत होती, ती नोंदीत अतिक्रमक होती किंवा भूमिहीन होती. जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समीक्षा समितीने १९९२ च्या अहवालात अशा कुटुंबांच्या स्थितीकडे विशेष लक्ष वेधले. मणिबेलीसारख्या गावात पाणी चढू लागले तेव्हा, शेत कोणाचे होते हे गावात प्रत्येकाला ठाऊक होते. ते सरकारी नोंदवहीला ठाऊक नव्हते. बुडालेल्या शेताची भुक्ती दाखविता येत नाही आणि विखुरलेल्या गावाचे साक्षीदारही विखुरतात. वहिवाटीचा पुरावा त्या भूमीतच असतो. भूमी गेली की तोही जातो.

७

१९९६ च्या पंचायत उपबंध अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रांत राज्याचे कायदे रूढिविधीशी व सामूहिक साधनसंपत्तीच्या पारंपरिक व्यवस्थापनाशी सुसंगत असावेत, असे तत्त्व मांडले. त्याहून पुढचे पाऊल २००६ च्या वनहक्क अधिनियमाने टाकले. १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या त्याच्या नियमांतील तेरावा नियम पुराव्याविषयी आहे. गॅझेटियर, नकाशे, न्यायालयीन अभिलेख ह्यांच्याबरोबर घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा भौतिक खुणा, वंशावळ, तसेच दावेदाराखेरीज अन्य वयोवृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन ह्यांना तेथे पुराव्याचा दर्जा दिला आहे. दाव्याची प्रथम छाननी ग्रामसभेकडे सोपविली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने वरिष्ठ समित्यांनी विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह धरू नये, असेही स्पष्ट केले. इतर पारंपरिक वननिवासींसाठी घातलेली तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, अट वाचताना धर्मशास्त्रातील त्रिपुरुष भोगाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे.

बांध ही भुक्ती, वृद्धाचे निवेदन ही साक्ष. १८७८ मध्ये वगळलेली दोन प्रमाणे अशा रीतीने कायद्यात परत आली. ग्रामसभेत नोंदविले जाणारे निवेदन हे स्वरूपाने जुन्या महजराच्याच जातीचे आहे. तथापि कायद्याने प्रमाण मानणे आणि कचेरीने प्रमाण मानणे ह्यांत अंतर असते. निवेदनही अखेरीस लिहावेच लागते, त्याला शिक्का लागतो, नकाशा जोडावा लागतो. आणि हे लेखन करणारा पुन्हा बहुधा गावाबाहेरचा असतो.

८

अलिखित रूढीचे गुणगान करणे हा ह्या विवेचनाचा हेतू नाही. रूढी दुर्बलांना आधार देते तशी ती त्यांना वगळतेही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा अनुसूचित जमातींना लागू नसल्यामुळे त्यांच्यातील वारसा रूढीवर अवलंबून राहिला आणि मुलीला जमिनीत वाटा न देण्याचे समर्थनही रूढीच्याच नावाने होत आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका प्रकरणात स्त्रीला वगळणारी रूढी जो सांगतो त्याने ती सिद्ध केली पाहिजे, अशी दिशा घेतली. रूढी आहे म्हणून ती मान्य, असे नव्हे. ती सिद्ध झाली पाहिजे आणि संविधानाच्या कसोटीस उतरली पाहिजे. संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ ह्या संज्ञेत रूढीचाही समावेश केला आहे, तो ह्याच कारणाने महत्त्वाचा ठरतो.

गिराससुद्धा देणाऱ्या गावाला नेहमी न्याय्य वाटत असेल, असे मानण्यास आधार नाही. वहिवाट हा एक पुरावा आहे. इतर पुराव्यांप्रमाणेच तिची चिकित्सा व्हावयास हवी.

९

ह्या चर्चेतून इतिहासाच्या अभ्यासकाला दोन गोष्टी घेता येतील. पहिली ही, की दप्तरातील मौन हे हक्काच्या अभावाचे गमक नव्हे. खानदेशच्या महसुली कागदांत डोंगरातील शेतकरी दिसत नसेल, तर तेथे शेतकरी नव्हता असे अनुमान काढण्यापूर्वी ते कागद कोणी, कशासाठी व कोणत्या हद्दीपर्यंत लिहिले, हे पाहिले पाहिजे. जंगलाच्या जमाबंदीत दावा आला नाही ही नोंद दाव्याविषयी जितके सांगते, त्याहून अधिक ती जमाबंदीच्या रीतीविषयी सांगते.

दुसरी गोष्ट साधनांविषयीची. वनहक्काच्या दाव्यांच्या निमित्ताने नंदुरबार जिल्ह्यातील ग्रामसभांपुढे वृद्धांची निवेदने, वंशावळी, शिवारांचे नकाशे व देवस्थानांच्या नोंदी लिहिल्या गेल्या आहेत. ह्या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचे असे साधन पूर्वी उपलब्ध नव्हते. ते विशिष्ट हेतूने निर्माण झाले आहे, त्यात स्मरणाचे दोष आहेत, दाव्याला अनुकूल असे सांगण्याची प्रवृत्तीही आहे. परंतु वतनाच्या महजरातही हे सर्व होते, आणि म्हणून कोणी महजर टाकून दिले नाहीत. जी चिकित्सापद्धती मराठी संशोधकांनी मोडी कागदांवर घडविली, तीच ह्या निवेदनांना लावता येईल: सांगणारा कोण, त्याला हे कसे ठाऊक, दुसऱ्या पाड्यावरची साक्ष तिच्याशी जुळते काय, शिवारातील बांध व झाडे काय दाखवितात. हे काम वृद्ध साक्षीदार हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे. कागद दोनशे वर्षे वाट पाहू शकतो. साक्षीला तेवढे आयुष्य नसते.